परक्याने वाचलेला निबंध

न्यूयॉर्क राज्यात हायस्कूलचा डिप्लोमा हवा असेल, तर इंग्रजीच्या रीजन्ट्स परीक्षेत शंभरपैकी ६५ गुण मिळवावे लागतात. न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समधल्या एका सरकारी हायस्कुलात मी परदेशातून नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. ते ६५ गुणांचं वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा म्हटलं आहे, की आमचा दुभाषी माझं बोलणं संपायच्या आत ते स्पॅनिशमध्ये सांगून मोकळा होतो. मग पुढचा प्रश्नही ठरलेला. एक्वादोरहून आलेली आई विचारते, गणिताचा पेपर मुलीने स्पॅनिशमधून दिला, इतिहासाचाही दिला, मग हाच का नाही? आता इंग्रजीचा पेपर स्पॅनिशमधून कसा देणार, असं हसून म्हणावंसं वाटतं. पण बाई रात्रपाळी करून आलेली असते आणि तिच्या दृष्टीने प्रश्न अगदी रास्त असतो. मुलगी हुशार आहे, सगळे विषय सुटलेत, आणि या एका पेपरापायी डिप्लोमा अडणार आहे.

मी स्वतः कराडकडची, मराठी माध्यमातली. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलेल्या पिढीतली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम. ए. केलं, काही वर्षं ज्युनियर कॉलेजात युवकभारती शिकवलं, बोर्डाचे गठ्ठे तपासले, आणि मग संसार इकडे हलला. त्यामुळे तिकडे ज्या वयाच्या मुलांपुढे उभी राहायचे, त्याच वयाची मुलं इथेही समोर असतात. परीक्षेचा धसकाही तोच. पेपर मात्र निराळा.

आपल्याकडे पाठ ठरलेले, कविता ठरलेल्या, पत्र कितव्या प्रश्नात येणार हेही ठरलेलं. न वाचलेला उतारा असायचा, पण मुलांचा जीव गाइडात अडकलेला. रीजन्ट्सच्या इंग्रजीला नेमलेलं पुस्तकच नाही. तीन तास आणि तीन भाग. पहिल्या भागात एका कथेचा तुकडा, एक कविता आणि एक माहितीपर लेख, त्यांवर पर्यायी उत्तरांचे २४ प्रश्न. दुसऱ्या भागात एका वादाच्या विषयावर चार मजकूर देतात. ते वाचायचे, बाजू घ्यायची आणि निबंध लिहायचा. तिसऱ्या भागात आणखी एक उतारा; त्यातली मध्यवर्ती कल्पना सांगायची आणि लेखकाने ती कुठल्या एका युक्तीने फुलवली ते दोन-तीन परिच्छेदांत दाखवायचं. सगळं पहिल्यांदा तिथेच बघायचं. घोकायला काहीच नाही, म्हणून घोकंपट्टीवर वाढलेली आमची आशियाई मुलं पहिल्या महिन्यात पार गोंधळून जातात. एकाने मला सरळच विचारलं होतं, “मिस, सिलॅबस कुठे मिळतो?”

मी आले तेव्हा जुना पेपर होता, दोन दिवसांचा, सहा तासांचा. २०११ पासून तो एका दिवसावर आला. त्या पेपरात शेवटी एक सुवचन देत आणि म्हणत, तुम्ही वाचलेल्या कुठल्याही दोन साहित्यकृतींच्या आधारे याचा अर्थ लावा. त्यापायी वर्गात पुस्तकं वाचली जायची. लहानसंच पुस्तक बरं म्हणून स्टाइनबेकचं ‘ऑफ माइस अँड मेन’ अर्ध्या राज्यातली मुलं वाचत असावीत. निबंध साचेबंद यायचे, हे कबूल. पण दोन पुस्तकं तरी पोरांच्या डोळ्यांखालून जायची. २०१४ पासून कॉमन कोअर या नव्या शैक्षणिक निकषांवरचा पेपर सुरू झाला आणि दोनेक वर्षांत जुना बंद पडला. नव्यात पुस्तकाची गरज उरली नाही. शाळा तेवढ्या हिशेबी असतातच. कादंबरीचे आठवडे कमी झाले आणि चार मजकुरांची झेरॉक्स वाढली. मला हा बदल आवडला नाही, अजूनही आवडत नाही. मात्र त्याच पेपराने मला जे दाखवलं, ते पुस्तकांनी दाखवलं नसतं, तेही खरं.

या परीक्षेचं वय ऐकून इथली मुलं डोळे विस्फारतात. रीजन्ट्सची सुरुवात १८६५ सालची, हायस्कूलसाठी १८७८ पासून. आपल्या मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक त्याहूनही जुनी, १८५९ ची. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्यात पास झालेले. म्हणजे परीक्षा घेण्यात आपण न्यूयॉर्कच्या मागे नव्हतो. फरक एवढाच, की इथे कित्येक दशकं रीजन्ट्स ही पुढे शिकणाऱ्यांची परीक्षा होती. बाकीच्यांना सोप्या चाचण्या होत्या. १९९६ साली नववीत गेलेल्या मुलांपासून ती सगळ्यांना लागू झाली, आणि त्यातही पहिला मान इंग्रजीला. सुरुवातीला ५५ वरही भागायचं. २००८ मध्ये नववीत आलेल्यांपासून पाचही विषयांत ६५ ची सक्ती झाली. त्यानंतर बऱ्याच वाटा निघाल्या, इतिहासाच्या एका पेपराऐवजी दुसरं काही देता येऊ लागलं. न्यूयॉर्कमधल्या काही शाळांच्या एका गटाला तर जवळजवळ सगळ्या रीजन्ट्स माफ आहेत, तिथली मुलं प्रकल्प करून, तो तोंडी मांडून पास होतात. पण त्या शाळांनाही एक पेपर सुटलेला नाही. तो इंग्रजीचा.

जूनमधली परीक्षेची सकाळ. सव्वानऊला पेपर. दहा वाजेपर्यंत कुणालाही वर्गाबाहेर सोडायचं नाही, आणि दहानंतर आलेल्याला आत घ्यायचं नाही; साऱ्या राज्यात एकच नियम, म्हणजे कुणी पेपर फोडून बाहेर सांगू नये. फोन आधीच जमा. गोल काळे करायला पेन्सिल, निबंधाला पेन. माझ्या मुलांना दीडपट वेळ मिळतो, म्हणून बाकीची शाळा जेवायला निघाली तरी आमची खोली लिहीतच असते. त्यांना शब्दकोशही चालतो. अट अशी, की त्यात शब्दाला शब्द असावा, अर्थाचं स्पष्टीकरण नको. परीक्षेआधी आम्ही ते कोश चाळून बघतो. शेवटी प्रत्येकाने एका प्रतिज्ञेखाली सही करायची, की प्रश्न मला आधी ठाऊक नव्हते आणि मी कुणाची मदत घेतली नाही. सही विसरलेलं पोर जिन्यावरून माघारी आणावं लागतं.

खरी गंमत मात्र तपासणीत आहे. आमची मुलं आम्ही तपासायची नाहीत. पूर्वी शाळेतल्या शाळेत तपासायचे, आणि ६० ते ६४ च्या मध्ये लोंबकळणाऱ्या उत्तरपत्रिका पुन्हा उघडून बघायची रीतच होती. सगळ्या राज्याचे गुण आलेखावर मांडले तेव्हा ६४ वर खड्डा आणि ६५ वर ढीग दिसायचा. ग्रेस मार्कांच्या मुलखातून आलेल्या मला त्याचं काही वाटलं नाही. इथे मात्र बभ्रा झाला. २०११ मध्ये ती फेरतपासणी बंद झाली आणि पुढे शहरभरच्या उत्तरपत्रिका मिसळून दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांकडे जाऊ लागल्या.

पहिल्या दिवशी एकही खरा पेपर हाती देत नाहीत. अँकर पेपर म्हणून नमुन्याचे निबंध असतात, सहा गुणांचा, पाचाचा, असे खालपर्यंत, आणि प्रत्येकाखाली तो तेवढ्याच गुणांचा का याचं टिपण. वाण्याच्या तागडीतल्या वजनांसारखे ते. ते वाचायचे, मग सरावाचे निबंध तपासायचे, आपला हात सैल आहे की आखडता ते बघायचं. माझा पहिल्यांदा सैल निघाला. शेजारी ब्राँक्सचा एक म्हातारा शिक्षक होता, त्याचा आखडता. दिवसभर आम्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी मध्यावर येत राहिलो.

मग खरे निबंध. प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा, पहिल्याने काय दिलं ते दुसऱ्याने न बघता. एका गुणाहून जास्त फरक पडला, तर तिसरा बसवायचा. मुलाचं नाव नाही, शाळा नाही. तिकडे घरी बोर्डाचा गठ्ठा घेऊन बसायचे तेव्हा एकटीच असायचे. मॉडरेटर चार उत्तरपत्रिका वरवर चाळायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी किती पोरांचे निबंध निकालात काढले, ते आठवायला नको. इथे एकेका पोराच्या दोन पानांवर दोन अनोळखी माणसं, कधी तिघं, डोकं घालून बसतात. चौकटी कडक आहेत. निदान तीन मजकुरांचा आधार नसेल, तर तीनच्या वर गुण द्यायचे नाहीत. सगळाच उतरवून काढला असेल तर शून्य. आणि निबंधाने मजकुरांना हातच न लावता फक्त स्वतःचं सांगितलं असेल, तर जास्तीत जास्त एक.

हा शेवटचा नियम मला सर्वांत जास्त छळतो.

माझ्या वर्गात बांगलादेशातून आलेला एक मुलगा होता, सुंदरबनच्या कडेच्या गावातला. सरावासाठी मी जुना पेपर दिला होता. नामशेष झालेले प्राणी विज्ञानाने परत जन्माला घालावेत का, असा विषय. चार मजकूर, बाजूचे आणि विरोधाचे. त्याने मजकूर वाचले की नाही देव जाणे. त्याने लिहिलं, की त्याच्या आजोबांच्या बरोबर मध काढायला गेलेल्या माणसाला वाघाने नेलं. तरी गावात कुणी म्हणालं नाही, वाघ संपवा. लोक एवढंच म्हणाले, की आता त्या बाजूला जाऊ नका. जे प्राणी परत आणायचं म्हणतात, त्यांनी आधी सांगावं, ते राहतील कुठे आणि तिथे आत्ता कोण राहतं. व्याकरणाची दैना होती, क्रियापदं कुठल्याही काळात जात होती. पण मला पुढचं वाचावंसं वाटलं, आणि तपासणाऱ्याला असं क्वचित वाटतं.

नियमाप्रमाणे एक गुण.

त्याला मी बसवून सांगितलं. वाघ ठेव, पण तो कशावर तरी उभा कर. तिसऱ्या मजकुरात अधिवासाबद्दल आहे, ती ओळ धर. कुठला मजकूर, कितवी ओळ, ते लिही. दुसरी बाजू काय म्हणते ते आधी मांड आणि मग तिला उत्तर दे, कारण गुणदानाच्या रुब्रिकमध्ये तेही मोजतात. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा लिहिला. मजकूर एक, ओळ अमुक. मजकूर तीन, ओळ तमुक. तीन मजकूर आले, विरोधकाचा मुद्दा आला, त्याचं उत्तर आलं. माझ्या हिशेबाने चार गुणांचा. वाघ गेला होता. विचारलं, तर म्हणाला, “जागा पुरली नाही, मिस.”

ही गोष्ट मी ज्यांना सांगते ते सगळे हळहळतात. बघा, परीक्षेने मुलाचा आवाज मारला. मी तेवढं पटकन म्हणत नाही. पहिल्या निबंधात तो एकटाच बोलत होता. दुसऱ्यात त्याने पहिल्यांदाच एका अनोळखी, शिकल्यासवरलेल्या, त्याच्याशी असहमत असलेल्या माणसाचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं, ते आपल्या शब्दांत मांडलं आणि मग खोडलं. वर्गात आमच्या सगळ्या गुणांत माया मिसळलेली असते. मी त्याला दोन्ही निबंधांना चांगलेच गुण दिले असते, कारण तो पहाटे उठून काकांच्या दुकानात काम करून शाळेत यायचा, हे मला ठाऊक होतं. तो गठ्ठा तपासणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसतं. तो कागद वाचतो. घरात इंग्रजीचं एकही पुस्तक नसलेल्या पोराचं लिहिणं या शहरात एरवी कोण परकं माणूस मन लावून वाचणार आहे?

तरीही त्या ६५ च्या रेघेची बाजू मी घेणार नाही. पेपराचे कच्चे गुण ५६. पर्यायी प्रश्नांचे २४, वादाच्या निबंधाचे सहा गुण चौपट करून २४, तिसऱ्या भागाचे चार गुण दुपटीने आठ. मग दर परीक्षेला नवा तक्ता येतो, त्यावरून शंभरपैकी गुण काढायचे. कच्चे साधारण निम्मे पडले की ६५ च्या आसपास पोहोचतं. ही पद्धत चुकीची नाही, पेपर कमीजास्त अवघड असतात म्हणून ती करावी लागते. पण ६३ आणि ६५ मधला फरक म्हणजे कधी एका कवितेवरचा एखादा प्रश्न. त्यावर डिप्लोमा अडवायचा? नववीत किंवा त्यानंतर देशात आलेल्या मुलाला ५५ ते ५९ वर अपील करता येतं, पण मिळतो तो खालच्या दर्जाचा लोकल डिप्लोमा, रीजन्ट्स डिप्लोमा नव्हे. मुलांना हा फरक बरोबर कळतो. माझी एक नेपाळी विद्यार्थिनी ५८ वर होती. अपिलाचा अर्ज भरून ठेवला होता, नुसती सही राहिली होती. तिने अर्ज परत दिला आणि ऑगस्टच्या परीक्षेला नाव घालायला सांगितलं. तिच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याशी भांडण केलं, माझ्या परीने मीही केलं.

उताऱ्यांचाही एक इतिहास आहे. २००२ साली ब्रुकलिनच्या एका पालक बाईंनी इंग्रजीच्या पेपरांत आलेले उतारे मूळ पुस्तकांशी ताडून पाहिले. चेकॉव्ह, आयझॅक सिंगर, ॲनी डिलर्ड असल्या लेखकांच्या मजकुरातून काही-काही गायब होतं. सिंगरच्या मजकुरातले ज्यूंचे उल्लेख काढलेले, डिलर्डच्या आठवणींतला वंशाचा संदर्भ पुसलेला. कुणाचं मन दुखू नये म्हणून. वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा शिक्षणखात्याने हा उद्योग थांबवायचं कबूल केलं. मी तेव्हा इथे नव्हते, पण नवी आले तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट चघळली जात होती. ज्या परीक्षेत मुलाने नेमक्या ओळीचा हवाला द्यायचा, तिथल्या ओळीच खऱ्या नव्हत्या.

२०२० च्या जूनमध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाली. वर्षभराचा अभ्यासक्रम पास असेल, तर पेपर माफ. आमच्या शाळेत त्या वर्षी डिप्लोमा मिळालेल्यांत अशी मुलं होती, जी एरवी दोन-तीनदा बसली असती. काही आकाश कोसळलं नाही. त्यांतली एक आता नर्स आहे, क्वीन्समधल्याच इस्पितळात. मग २०२४ च्या नोव्हेंबरात राज्याने वेळापत्रक मांडलं: २०२७ च्या शरदापासून डिप्लोमासाठी रीजन्ट्सची सक्ती नाही. परीक्षा राहणार, कारण हायस्कुलात एकदा तरी इंग्रजी आणि गणिताची चाचणी घ्यायला केंद्राचा कायदाच सांगतो. पण नापास झाल्याने डिप्लोमा अडणार नाही. त्याच महिन्यात शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर मतदारांनीच मतपेटीतून तिथल्या परीक्षेची अट उडवली.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींना यातलं काही सांगायला गेलं, की ती आधी दचकतात आणि मग लगेच निवांत होतात. त्यांच्या राज्यात अकरावीला वेगळीच परीक्षा, ती हुकली तर एसएटीच्या गुणांवरही भागतं, आणि त्यांच्या पोरांचं एसएटी व्यवस्थित असतं. एडिसनच्या एका गणेशोत्सवात एक गृहस्थ मला म्हणाले, “आमच्याकडे इंग्रजीत नापास कोण होतंय हो!” खरंच आहे. त्यांच्याकडे कुणी होत नाही. ज्यांच्याकडे होतं ते आरतीला नव्हते, ते त्या दुपारी पलीकडच्या रस्त्यावर पेट्रोल भरून देत होते.

यंदा आमच्या विभागाच्या बैठकीत चर्चा निघाली, की सक्ती गेल्यावर माझ्या मुलांचं लिहिणं जोखायचं कसं. वर्षभराचे निबंध एका फाइलीत ठेवायचे, एक मोठा प्रकल्प करायचा, तो मुलाने समोर बसून मांडायचा. कल्पना उत्तम आहे, त्या माफी मिळालेल्या शाळा हे कित्येक वर्षं करत आल्या आहेत. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि का होऊ नये; वर्षातले चार आठवडे पुन्हा कादंबरीला मिळतील. मी एवढंच विचारलं, की ती फाइल वाचणार कोण. वर्गशिक्षक, असं उत्तर आलं. आणि दुसरं कुणी? शेजारच्या शाळेशी अदलाबदल करता येईल का, म्हणजे त्यांच्या फायली आम्ही वाचू, आमच्या ते, नावं झाकून? विभागप्रमुखांनी वहीत लिहून घेतलं. त्यासाठी बदली शिक्षक लागतील, बदली शिक्षकांसाठी पैसे लागतील, ते कुठल्या खात्यातून येणार याची त्या चौकशी करणार आहेत. मग झेरॉक्सच्या कागदाचा विषय निघाला. तो नेहमीप्रमाणे मार्चमध्येच संपला होता.